भालेराव सरांचा फोकस

फोटोसाठी माणसाला किती वेळ उभं करून ठेवावं, याबद्दल सरकारनं काही नियम केलेला नाही. केला असता तर आमचे घोडेगावातले शेजारी भालेराव सर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत जबाब देत बसले असते. मी त्यांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो आहे, बसलो आहे, आणि एकदा तर चहाचा कप ओठांपाशी धरून थांबलो आहे, कारण चहाची वाफ त्यांना फोकसमध्ये हवी होती. चहा गार झाला, वाफ संपली, आणि मग सर म्हणाले, "आता चेहरा नैसर्गिक ठेवा."

सर आता घोडेगावात राहत नाहीत. मुलीच्या लग्नानंतर ते आणि सुमनवहिनी बेल्ह्याजवळच्या आपल्या गावी, शेतावरच्या घरात राहायला गेले. त्यांच्या इथल्या घराला कुलूप आहे. त्या कुलपाकडे पाहिलं की मला आधी सुटल्यासारखं वाटतं आणि थोड्या वेळानं करमेनासं होतं. यातलं काहीच मी त्यांना कळवलेलं नाही. कळवलं तर ते मला शेतावर बोलावून घेतील आणि बांधावर उभं करतील.

आम्ही एकाच हायस्कूलमध्ये नोकरी केली. ते चित्रकला शिकवत, मी मराठी. चित्रकलेच्या तासाला इतरांनी आपला मागे पडलेला धडा उरकून घ्यायचा, हा शाळांमधला जुना रिवाज. भालेराव सरांचा तास मात्र कोणी मागत नसे. एकदा गणिताचे शिक्षक मागायला गेले, तर सरांनी त्यांना वर्गासमोर उभं करून रेषा म्हणजे काय हे समजावून दिलं. समजावणं संपलं तेव्हा गणितवाल्यांचा स्वतःचा पुढचा तासही बुडाला होता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या जातीचा डिजिटल, मिररलेस कॅमेरा घेतला. इथवर काही बिघडलं नव्हतं. अशा कॅमेऱ्याबरोबर त्याची स्वतःची लेन्स येते. ती समोरचा चेहरा ओळखते, चेहऱ्यातला डोळा शोधते आणि फोकस आपोआप लावते. माणसानं नुसतं बटण दाबायचं. सरांनी ती लेन्स हातात घेऊन वजन पाहिलं, 'प्लॅस्टिक' एवढा एकच शब्द उच्चारला आणि ती खोक्यात परत ठेवली. मग त्यांनी मंचर, नारायणगाव, ओतूर इथले बंद पडलेले फोटो स्टुडिओ पालथे घातले. तिथल्या माळ्यांवर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लेन्सा पडलेल्या होत्या. जाड काच, जड धातू, आणि फोकस लावायला हातानं फिरवायची कडी. या लेन्सा नव्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. मधे धातूचं एक कडं लागतं, त्याला अडॅप्टर म्हणतात. वहिनी त्याला बांगडी म्हणत. घरात एवढ्या बांगड्या आल्या आणि त्यातली एकही आपल्या हातात कशी नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत.

"काच जुनी पाहिजे, मास्तर," सर मला सांगत. "नव्या काचेला सगळंच दिसतं. जुनी काच निवड करते."

निवड काच करते की कडी फिरवणारा करतो, असं मी एकदा विचारलं. त्यावर माझा डोळा अजून तयार झालेला नाही, असं उत्तर मिळालं. हे उत्तर त्यांच्याकडे सर्व प्रश्नांसाठी होतं.

कॅमेऱ्याला मात्र ही जुनी काच कळायची नाही. ती लावली की पडद्यावर अक्षरं यायची की लेन्स लावलेली नाही, आणि बटण कितीही दाबलं तरी फोटो निघायचा नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक बदल केला की हे मिटतं. सरांनी तो बदल शोधला नाही. त्यांना तो लेन्सचा अपमान वाटला होता. आठवडाभर ते चिडून होते. शेवटी प्रज्ञानं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून फोन करून एकेक बटण सांगत तो बदल करून घेतला. प्रज्ञा अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकली आणि पुण्यात नोकरीला लागली. तिनं वडिलांचा हट्ट आणि आईची जीभ दोन्ही घेतलं आहे. तिनं आणखी एक सोय सुरू करून दिली. जिथं फोकस बसला असेल तिथल्या कडा पडद्यावर लाल होतात, अशी ती सोय. हातानं फोकस लावणाऱ्यांसाठीच केलेली. सरांनी ती त्याच दिवशी बंद केली.

"उत्तरांवर लाल खुणा केलेल्या पेपरात मी पहिला आलो, हे कोणत्या तोंडानं सांगू?" ते म्हणाले. त्यांच्या लेखी तो कॉपीचाच प्रकार होता. शाळेतही परीक्षेच्या वेळी त्यांच्या वर्गावर पहारा नको असायचा. ते एकटे पुरे होते.

एक अडॅप्टर त्यांनी मंचरच्या लेथवाल्याकडून करून घेतला. तो माणूस पंपाचे शाफ्ट करतो आणि पंपाला चालेल इतकं अचूक करतो. कडं केसभर जाड झालं. असं कडं लावलं की लेन्स जवळचं नीट दाखवते, पण लांबचं कधीच स्पष्ट होत नाही. सरांनी वर्षभर त्या कड्यानं शिवनेरीचे फोटो काढले. सगळे धूसर. पण चूक कबूल करण्याऐवजी त्यांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं. इतिहास स्पष्ट दिसत नसतो, असं ते सांगू लागले, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या फोटोंचं प्रदर्शनही भरवलं. अध्यक्षांनी भाषणात धुक्याचं कौतुक केलं. प्रदर्शनात लावलेले फोटो मे महिन्यातले होते. पुढे कड्याची जाडी लक्षात आली, तेव्हा सरांनी ते वहिनींच्या ओट्यावर पॉलिश पेपर अंथरून दोन दिवस घासलं आणि तेवढे दोन दिवस आम्हा शेजाऱ्यांकडे त्या दोघांचं जेवण झालं.

हे सगळं सोसूनही त्यांना टाळता येत नसे, याचं कारण मी एका बैलगाडा शर्यतीत पाहिलं. आमच्याकडे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीला घाट म्हणतात. घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं, हलगी, लाउडस्पीकर, आणि प्रत्येक हातात मोबाइल. सर सकाळपासून एका जागी मांडी घालून बसले होते. धावत्या बैलावर हातानं फोकस लावता येत नाही, हे त्यांनाही मान्य होतं. म्हणून त्यांनी घाटातल्या एका दगडावर फोकस लावून ठेवला होता आणि बैल त्या दगडाशी येतील तेव्हा बटण दाबायचं ठरवलं होतं. बैलांना हे माहीत नव्हतं. ते कधी दगडाच्या अलीकडून जात, कधी पलीकडून. दुपारपर्यंत सरांनी एकही फोटो काढला नाही. मी दोनदा म्हणालो की उठू या. त्यांनी मला हातानं गप्प केलं.

मग एक जोडी बरोबर दगडावरून गेली. तो फोटो मी नंतर पाहिला. बैलाचा एक डोळा, पापणीवर बसलेली धूळ, आणि त्या डोळ्यात उमटलेला सगळा घाट. बाकी सगळं विरघळलेलं. फोटोबद्दल मी सहसा बरं बोलत नाही. त्या दिवशी मी वाईटही बोललो नाही.

गाडामालकाला तो फोटो फ्लेक्ससाठी हवा होता. तो सरांच्या ओसरीवर आला आणि बराच वेळ फोटो बघत राहिला.

"बैल एक नंबर आलाय, सर. पर मी कुठंय?"

"तुम्ही मागे आहात. तो पिवळट ठिपका दिसतो ना, ते तुम्ही."

"ठिपका?" मालक म्हणाला. "आवो राव, फ्लेक्सवर ठिपका लावू व्हय मी? भावकीला काय सांगू?"

"ठिपक्याखाली नाव टाका," सर म्हणाले. त्यांनी हे चेष्टेत म्हटलेलं नव्हतं.

तर असा हा माणूस. आणि मागच्या वर्षी प्रज्ञाचं लग्न ठरलं.

मुलगा जुन्नरचा, प्रज्ञाच्याच ऑफिसातला. पहिल्याच बैठकीत सरांनी जाहीर केलं की लग्नाचे फोटो ते स्वतः काढतील, दुसरा कोणीही नाही, आणि जुन्या काचेनंच काढतील. मुलाकडच्यांना कौतुक वाटलं, कारण त्यांनी सरांचं काम पाहिलेलं नव्हतं. वहिनींनी पाहिलं होतं. पाहुणे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"भाऊजी, पोरीचं लगीन काय दोनदा व्हनार न्हाई," त्या म्हणाल्या. "फोटूत तिचं तोंड तरी कळंल का?"

ही भीती सरांच्या संथपणाची नव्हती. संथ ते पहिल्यापासून होते, पण पूर्वी फोटो उशिरा का होईना, नेमका निघायचा. वर्ष-दीड वर्षापासून तो उशिरा निघून धूसर निघत होता. कान स्पष्ट आणि डोळे पुसट. कधी माणूस सगळाच पुसट आणि मागची भिंत, तिच्यावरच्या पालीसकट, स्वच्छ. आणि सगळ्यांवर काहीतरी निळसर झाक, जणू माणसं नुकती थंड पाण्यातून काढली आहेत. लोक सरांना बोलत नव्हते. निम्म्यांना भीड होती, आणि उरलेल्यांना वाटत होतं की कलेत असंच असावं. गेली काही वर्षं सर आदिवासी भागातल्या गावांमध्ये एसटीनं जाऊन म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढत आणि प्रिंट करून त्यांना नेऊन देत. त्या घरांमध्येही आता निळी माणसं भिंतीवर टांगली जात होती.

धूसरपणा सरांनाही दिसू लागला होता. त्यांचं निदान असं की लेन्सांना बुरशी लागली आहे. जुन्या लेन्सांना ती लागते, हे खरं आहे. आतल्या काचेवर धूर धरल्यासारखी दिसते. सरांनी सगळ्यात लाडकी लेन्स जेवणाच्या टेबलावर, पोळपाटावर ठेवून उघडली. कंपासच्या टोकानं कड्या सोडवल्या, काचा पुसल्या, पुन्हा बसवल्या. एक स्क्रू उरला. लेन्स लावून पाहिली तर धूर तसाच. मग त्यांनी दुसरी उघडली. मग तिसरी. एकेका लेन्सची कडी आता फिरताना गिरणीसारखी आवाज करू लागली. त्यांनी मला एक लेन्स उजेडाकडे धरून बघायला लावली. मला तिच्यातून समोरच्या घराच्या पत्र्यावरचे खिळे दिसले.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.

"तुमचा डोळा तयार नाही," सर म्हणाले.

आतून वहिनींचा आवाज आला. ह्या उन्हाळ्यात समद्या भिंगांना एकदमच साथ आली व्हय, असं त्या कढईला विचारत होत्या.

महिनाभर हे चाललं. रस्त्यात ओळखीच्या माणसाला सर नमस्कार करेनासे झाले आणि विजेच्या खांबाला एकदा त्यांनी केला. शेवटी वहिनी आणि मी त्यांना मंचरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. चष्म्याचा नंबर तपासायचा, एवढंच सांगितलं होतं. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, उजवा आधी करावा लागेल, उशीर झालाच आहे. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि नवी लेन्स बसवायची.

लेन्स हा शब्द ऐकून सर सरसावून बसले. इतका वेळ ते रुग्ण होते. आता ते गिऱ्हाईक झाले.

किती पॉवरची, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, साधारण एकवीस. सरांनी टेबलावरच्या कागदावर हजाराला एकवीसनं भागलं आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. कॅमेऱ्याच्या हिशेबात सत्तेचाळीस एमएम, म्हणजे जवळजवळ नॉर्मल लेन्स, चांगली निवड आहे, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी आभार मानले. मग त्यांनी विचारलं की फोकसचं काय. डॉक्टरांनी समजावलं की ही लेन्स एका अंतरावर पक्की असते. लांबचं चांगलं दिसेल अशी घेतली तर वाचायला चष्मा लागेल. सरांना हे आवडलं नाही, पण त्यांनी ऐकून घेतलं. शेवटचा प्रश्न त्यांनी सहज विचारावा तसा विचारला.

"काच कुठली आहे?"

"काच नसते, सर," डॉक्टर म्हणाल्या. "एक प्रकारचं प्लॅस्टिक असतं."

आम्ही त्याच दिवशी ऑपरेशनशिवाय घरी आलो.  गाडीत घोडेगाव येता येता सर म्हणाले की आयुष्यात कॅमेऱ्याला लावली नाही ती वस्तू डोळ्यात घालून घेणार नाही. वहिनी खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या की मग लग्नात चाचपडत फिरा आणि पोरगी समजून करवलीला निरोप द्या.

पुढचे काही आठवडे मी समजावलं, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी समजावलं, ज्यांचं ऑपरेशन झालं होतं त्यांनी येऊन आपले डोळे दाखवले. सर त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघत आणि फिनिशिंगला नावं ठेवत. लग्न दोन महिन्यांवर आलं. वहिनींनी गुपचूप मंचरच्या एका फोटोग्राफरला सांगून ठेवलं. त्यानं नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ म्हणून यायचं आणि आपोआप फोकसवाल्या कॅमेऱ्यानं लपूनछपून फोटो काढायचे. हे प्रज्ञाला कळलं, तेव्हा ती रविवारची सकाळची गाडी पकडून घरी आली. मलाही बोलावणं आलं.

तिनं वाद घातला नाही. तो आमचा सगळ्यांचा घालून झाला होता. तिनं आईला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं आणि कॅमेरा ट्रायपॉडवर लावून त्याला सरांची आवडती लेन्स बसवली. जुन्या लेन्सच्या कडीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात. कडी ज्या आकड्यावर थांबेल तेवढ्या फुटांवरची वस्तू स्पष्ट, असा त्याचा अर्थ.

"बाबा, तुम्ही फक्त बघा," ती म्हणाली. "कडी मी फिरवते. आई स्पष्ट दिसली की थांब म्हणायचं."

सर लगेच तयार झाले. त्यांना स्वतःबद्दल शंका नव्हती. त्यांनी वाकून डोळा लावला. प्रज्ञानं कडी सावकाश फिरवली.

"थांब."

"पाच फूट," तिनं आकडा वाचला. कडी परत टोकाला नेली आणि पुन्हा फिरवायला लागली.

"थांब."

"आठ फूट. पुन्हा एकदा."

या वेळी बराच वेळ गेला. "थांब," सर म्हणाले. आवाज मघासारखा नव्हता.

"साडेतीन."

सर सरळ झाले. "तुझी आई हलतेय," ते म्हणाले.

वहिनींनी मानसुद्धा वळवली नाही. "म्या कुठं हलले? मघाधरनं हितंच बसलीय," त्या म्हणाल्या. "तुमीच कधी लांब जाताय आन् कधी जवळ येताय."

प्रज्ञानं शिवणाच्या डब्यातली टेप काढली, तिचं एक टोक कॅमेऱ्याशी धरलं आणि दुसरं आईच्या कपाळाशी नेलं. मोजल्यावर तिनं आकडा सांगितला नाही. टेप ताणून तशीच धरली, सरांनी जवळ येऊन तो वाचावा म्हणून. सर जवळ आले. वाकले. आणखी वाकले. त्यांना तो वाचता आला नाही. मग ते टेपकडे बघायचं सोडून वहिनींकडे बघत राहिले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्या खुर्चीत त्यांना नक्की काय दिसत असेल ते आपल्याला माहीत नाही.

"ऑपरेशनची तारीख मिळतेय का लवकर?" त्यांनी मला विचारलं. हे सगळं माझ्यामुळेच लांबलं, असा तो सूर होता.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर सरांनी पहिला प्रश्न विचारला की दवाखान्याला चुना कधी दिला. घरी आल्यावर त्यांनी वहिनींना विचारलं की ही साडी नवी आहे का. ती तीन दिवाळ्यांपूर्वीची होती. त्या संध्याकाळी त्यांनी संगणक लावला, गेल्या दीड-दोन वर्षांचे फोटो उघडले आणि मला हाक मारली.

मोतीबिंदू झालेला डोळा पिवळा पडतो. त्यातून पांढरंही पिवळट दिसतं. सर प्रत्येक फोटोतला तो पिवळेपणा संगणकावर काढून टाकत होते, आणि तो फोटोत कधी नव्हताच. पडद्यावर एकामागून एक म्हातारी माणसं येत होती. निळी गालफडं, निळे फेटे, निळे पडलेले पांढरे केस.

"हे तुम्हाला असं दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.  भालेराव सर काही बोलले नाहीत, हे वाक्य मला आयुष्यात प्रथमच लिहावं लागतंय. वहिनी चहा घेऊन आल्या, पडद्याकडे बघून थांबल्या आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या निळं. रंग आपलाच हाय." सर हसले नाहीत. दोन दिवस ते तेच फोटो बघत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की हे सगळे फोटो पुन्हा काढायचे. लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं आणि वहिनींच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. तो त्यांनी फेकला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

लग्न मंचर रस्त्यावरच्या कार्यालयात झालं. सर दवाखान्यातून मिळालेला मोठा काळा चष्मा लावून, गळ्यात कॅमेरा घेऊन, मंत्र्यासारखे फिरत होते. मंचरचा फोटोग्राफर चुलतभाऊ होऊन पहिल्या रांगेत बसला होता आणि बॅग मांडीखाली लपवत होता. बौद्धाचार्य मंचावर आले तेव्हा सर थेट त्या चुलतभावाकडे गेले. मला वाटलं, आता इथंच रेषा म्हणजे काय ते सुरू होतं. पण सर म्हणाले, "तुम्ही पुढं उभे राहा. हार घालताना माझ्यानं वेळेत होणार नाही." चुलतभाऊ उठला आणि त्यानं चुकून सरांना वाकून नमस्कार केला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं पडली. मग दोन्ही घरांचा एकत्र फोटो काढायची वेळ आली आणि वधूपिता सापडेना. माइकवरून पुकारा झाला. मुलाकडची मंडळी मंचावर रांगेत उभी, पंखा बंद, सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पातळ होत चाललेलं. वहिनींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी शोधायला निघालो, तर प्रज्ञाही मंचावरून उतरून माझ्यामागे आली.

सर कार्यालयाच्या मागे होते, स्वयंपाकघराच्या भिंतीच्या सावलीत. भिंत नुकतीच रंगवलेली, पांढरी. तिच्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत आहुप्याकडच्या आदिवासी गावातल्या, निळ्या फोटोतल्या एक आजी ताठ बसल्या होत्या, आणि पलीकडे सतरंजीवर त्याच बाजूची आणखी तीन-चार म्हातारी माणसं, पुढ्यात भरलेली ताटं तशीच ठेवून. सरांनी यांना मुद्दाम आमंत्रणं पाठवली होती. सगळ्यांना वाटलं होतं, लग्नासाठी.

"बाबा, सगळे खोळंबलेत तिकडे," प्रज्ञा म्हणाली.

"इकडेही खोळंबलेत," सर म्हणाले. बटण दाबलं. आजी उठल्या आणि आपल्या ताटाकडे गेल्या.

मग सरांनी काळा चष्मा काढून मुलीकडे पाहिलं. ती पांढऱ्या साडीत होती. केसांत पांढरी फुलं. सरांनी आधी उजवा डोळा झाकला, मग डावा. असं त्यांनी दोन-तीनदा केलं. दुसऱ्या कोणी वधूकडे असं पाहिलं असतं तर भांडण झालं असतं.

"डाव्यानं साडी पिवळी दिसते," ते म्हणाले.

"आणि उजव्यानं?"

"पांढरी." आणि त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "बस."

माइकवरून आता मुलाकडचा कोणी बोलत होता. भालेराव सर जिथं असतील तिथून त्यांनी मंचावर यावं, पंगत थांबली आहे. प्रज्ञानं एकदा त्या आवाजाकडे मान वळवली. मग साडी सावरून खुर्चीत बसली. सरांनी कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला, कडी एका टोकाला नेली आणि तिथून सावकाश आणत थांबवली.

"मास्तर, आकडा वाचा. वाचायचा चष्मा मिळाला नाही अजून."

मी वाकलो. "सात."

त्यांनी कडी पार टोकाला ढकलली, क्षणभर कॅमेऱ्यावरून डोळा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा फिरवली. "आता?"

"सात."

आचाऱ्याचा माणूस दारात येऊन पंगत बसवू का म्हणून विचारून गेला. मी सरांना म्हणालो की लोक उपाशी आहेत, मुलाकडचे चिडलेत, वहिनी आता स्वतः येतील. त्यांनी कडी तिसऱ्यांदा टोकाला नेली आणि परत आणली. घाई अजिबात केली नाही.

"आकडा," ते म्हणाले.

"सात, सर. सातच."

त्यांनी बटण दाबलं. एकदाच. माइकवरचा माणूस आता बौद्धाचार्यांनाच सर कुठे आहेत ते विचारत होता. मला वाटलं, सुटलो. प्रज्ञा उठायला लागली, तर सरांनी कॅमेऱ्यामागून नुसता हात वर करून तिला बसवलं, कडी पुन्हा टोकाला नेली आणि डोळा लावला. ती हसली, पण हलली नाही. अक्षतांऐवजी वाटलेली, हातात उरलेली फुलं मी खिशात घातली आणि न विचारता आकडा वाचायला वाकलो.